मथुराआत्यानं सरळ केलेली पुस्तकं

[मोठी चौकट, पानभर]

गोखले नाक्यामागच्या बोळात, चष्म्याच्या दुकानाला लागून मथुराचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. त्यात लोखंडी कटिंग मशीन, दाबाचं यंत्र, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, खळीचा डबा आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसतं, मथुरा उभ्यानंच काम करते. बत्तीस वर्षं झाली. वाचनालयांचे दिवाळी अंक, वकिलांची कायद्याची पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रकल्प, देवळाच्या पोथ्या, राजिवडा मोहल्ल्यातून येणारी उर्दू पुस्तकं. तिनं बांधलेलं पुस्तक पुन्हा दुरुस्तीला आलं असं आजवर एकदाही झालं नाही. हे ती स्वतः कधी सांगत नाही. समोरचा सांगेल म्हणून वाट बघते.

गुरुवारी दुपारी तिनं भावाच्या मुलीला, सानवीला, फोन केला.

"तुझं पुस्तक झालं गो. घेऊन जा. आणि येताना भूक ठेवून ये, घावणे केलेत."

[लहान चौकट: त्याआधीचं]

पुस्तक सानवीचं नव्हतं, तिच्या वर्गातल्या झाराचं होतं. जपानी चित्रकथा, ज्यांना ही पोरं मांगा म्हणतात, त्यातले पहिले तीन भाग, इंग्रजीत. एका बेटावर टपालाची होडी चालवणाऱ्या मुलीची गोष्ट. एकूण अकरा भाग. झाराचे वडील जमाल दोह्याला बंदरात टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकेक भाग सापडेल तसा ते सुट्टीला येताना घेऊन आले. अकरा भाग व्हायला सहा वर्षं लागली. ही इंग्रजी आवृत्ती आता छापतही नाहीत.

सानवीनं ह्याच गोष्टीचं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, दोन दिवसांत बघून टाकलं होतं, बाराच्या बारा एपिसोड. झाराला ते सहन होईना. जूनमध्ये तिनं तीन पुस्तकं सानवीच्या हातात कोंबली. "आता हे वाच. मग माझ्याशी बोल."

सानवीनं वाचलं नाही. गोष्ट तर कळली होती. पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर राहिली, आणि रत्नागिरीत चार महिने पाऊस पडला. गणपती उरकल्यावर तिनं उचलली तर डिंक सुटलेला, पानं हातात, तिन्ही कव्हरं एकमेकांना चिकटलेली. ती सगळी एका पिशवीत घालून तिनं आत्याकडे आणून टाकली. "नीट बांधून दे ना."

आता मंगळवारी झारा आईबरोबर कायमची दोह्याला चालली होती. पुस्तकं त्याआधी परत करायची होती.

[चौकट: स्टुलावर सानवी]

तिन्ही भागांचं मिळून एक जाड पुस्तक झालं होतं. निळं रेक्झिन, कोपऱ्यांना काळं कापड. सानवीनं ते हातात घेतलं आणि तोंडभरून "वा" म्हणाली. मग उघडलं. चार पानं उलटली. मग भराभर उलटली.

"आत्या, हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? सरळ केलं. उलटं बांधलेलं होतं ते."

"उलटं नव्हतं गं! ते तसंच असतं!"

मथुरानं हातातला टोचा खाली ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पुस्तकाची पाठ उजवीकडे होती. उजवीकडून उघडणारी पुस्तकं तिला माहीत नव्हती असं नाही, राजिवड्याची निम्मी पुस्तकं तशीच असतात, आणि ती तशीच बांधायची हे ती पहिल्या वर्षी शिकली. पण ती उर्दू. ह्याच्यातली अक्षरं इंग्रजी. इंग्रजी पुस्तक कधी उजवीकडून उघडतं का? छापखान्याची चूक. मागे भूगोलाच्या कुठल्याशा गाइडची पन्नास पुस्तकं अशीच आली होती. म्हणून तिनं जुनी पाठ मशीनखाली धरून कापून काढली, कोपऱ्यातले आकडे बघून पानं एक-दोन-तीन लावली आणि डाव्या कडेनं शिवली. आकडा नसलेल्या पानांवर तर तिनं एक अख्खा दिवस घालवला होता.

"आणि हां, प्रत्येक भागात एक जाहिरातीचं पान होतं, मोठा पंजा काढलेला. ते मी काढलं. वाचनालयवाले जाहिराती काढायलाच सांगतात."

"कुठंय ते?"

रद्दीच्या पोत्यात होतं. सानवीनं ते उजेडात धरलं आणि मराठी करून वाचलं.

"थांबा. तुम्ही चुकीच्या बाजूनं वाचताय. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं आहे."

मथुरानं ते पान हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"मग हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला काय झालं होतं त्यांना?"

[दोन पानी चौकट]

खरं नुकसान सानवीनं नंतर दाखवलं. झारा एका पानाबद्दल सारखी बोलायची. पान नव्हे, जोडपान. होडी धुक्यात शिरते ते. दोन्ही पानांवर पसरलेलं एकच चित्र, शब्द एकही नाही.

पाठ उजवीकडची डावीकडे गेली तसं उजवं पान डावीकडे आलं आणि डावं उजवीकडे गेलं. होडीचा मागचा अर्धा भाग डाव्या पानाच्या टोकाला कापलेला. पुढचा अर्धा उजव्या पानाच्या टोकाला कापलेला. मधे, जिथे होडी असायला हवी, तिथे धुक्याला धुकं जोडलेलं.

पुस्तकात अशी जोडपानं एकतीस होती. एकतीसही अशीच.

[फुगे]

"मी झाराला सांगते, पावसात गेली. खराब झालीच होती की."

"मी बांधलेलं पुस्तक पावसानं गेलं म्हणून सांगणार तू?"

"मग काय सांगू? आत्यानं होडी मधोमध कापली?"

"हो. तेच झालंय ना?"

"ती माझ्याशी बोलणार नाही, आत्या. खरंच सांगते. जाईल आणि फोनपण उचलणार नाही."

"आज गुरुवार. सोमवारी दुपारपर्यंत मी पुन्हा करते. आणि राजिवड्याला, झाराच्या घरी, मी येते सोबत. सांगायचं ते मीच सांगेन. तू घावणे खा."

[शुक्रवार: उसवण्याची चौकट]

बांधायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ उसवायला लागतो. हाती लागलेला दोरा ओढून चालत नाही, पान फाटतं. मथुरा एकेक टाका ब्लेडच्या टोकानं सोडवत होती. दोनशे ऐंशीच्या वर सुटी पानं मेजावर आली. सगळ्यांच्या डाव्या कडेला तिच्या स्वतःच्या टोच्याची सात सात भोकं. ती आता बाहेरच्या कडेला दिसणार होती.

दुसरी अडचण मोठी होती. उजवी कड तिनं मशीनखाली कापली होती, तीन मिलिमीटर. तिथेच आता पुन्हा शिवलं तर आणखी सात-आठ मिलिमीटर शिवणीत जाणार, म्हणजे होडीचा मधला भाग पुस्तकाच्या पोटात. यावर एकच उपाय होता, आणि तो तिनं आयुष्यात दोनदाच केला होता, एकदा जुन्या नकाशांच्या पुस्तकाला आणि एकदा एका पोथीला: प्रत्येक पानाच्या कडेला पातळ कागदाची पट्टी चिकटवायची आणि पान न शिवता ती पट्टी शिवायची. मग पुस्तक मेजावर चटईसारखं सपाट उघडतं. म्हणजे दोनशे ऐंशीवर पट्ट्या, तीन दिवसांत.

"तू पट्ट्या काप," ती सानवीला म्हणाली. "बोटभर रुंद. आणि मोबाइल बाजूला ठेव, खळ लागेल."

"मोबाइलवर तुला काहीतरी दाखवायचंय पण."

[हलती चौकट]

सानवीला वाटलं, आत्याला ॲनिमे दाखवलं की होडी नेमकी कशी दिसायला हवी ते तिला कळेल, पानं लावायला सोपं जाईल. तिनं तो प्रसंग काढून मोबाइल खळीच्या डब्याला टेकवला.

धुकं आलं. निळसर, खरं वाटावं असं. होडीच्या इंजिनाचा टकटक आवाज, मग भोंगा, मग कुठूनतरी लांबून एक वाद्य.

"आवाज छान आहे," मथुरा म्हणाली. खोटं नाही, तिला तो आवडला. मिरकरवाडा बंदरातल्या बोटी अशाच टकटकतात. "थांबव जरा. डोलकाठी बघू दे."

सानवीनं थांबवलं. नेमकी डोलकाठी पडद्याच्या बाहेर गेली होती.

"मागे घे."

मागे घेतलं तर होडी अजून आलीच नव्हती. पुढे केलं तर मुलीचा चेहरा आला.

"हे आपल्यासाठी थांबतच नाही गो."

"थांबायचंच नसतं, आत्या. ते चालतं, आपण बघायचं. म्हणून तर बरं वाटतं. अभ्यास करून डोकं फिरलेलं असतं, त्यात आपण काही करायचं नसतं."

ते मथुराला पटलं. संध्याकाळी तीही मालिका तशीच बघायची, भाजी निवडता निवडता. पण पानं लावायला ह्याचा उपयोग नव्हता. धुक्याचा सगळा प्रसंग सानवीनं मोजला, अकरा सेकंद. मथुरानं मोबाइल पालथा घातला आणि दोन पानं घेऊन कडेला कड लावून बघायला लागली.

[शनिवार: उजवीकडून]

चित्रावरून काम व्हायला लागलं. रेघ रेघेला मिळाली की जोडी बरोबर. एका पानावर हात आणि दुसऱ्यावर हातातलं पत्र. एकावर लाट, दुसऱ्यावर तिचा फेस. दुपारपर्यंत मथुराच्या लक्षात आलं की ती जोड्या लावता लावता गोष्टीच्या मागे चालली आहे. म्हातारा दीपगृहवाला पत्र घेत नाही. दुसऱ्यांदा जाते तेव्हाही घेत नाही. का घेत नाही?

"ह्या फुग्यांत काय लिहिलंय ते वाच बघू."

सानवी वाचायला लागली. "नाही, मी उघडणार नाही. तुमच्या मुलाचं पत्र आहे. कोणाचं पत्र आहे? आजोबा, आहात का घरात?"

मथुरा तिच्याकडे बघत राहिली. "हा काय बोलण्याचा प्रकार? आधी उत्तर, मग प्रश्न, शेवटी हाक?"

"असंच लिहिलंय!"

"उजवीकडून वाच की. ते पंजाचं पान तूच मला वाचून दाखवलंस ना?"

सानवीचं तोंड पडलं. तिनं पुन्हा वाचलं, उजवीकडून. आजोबा, आहात का घरात? कोणाचं पत्र आहे? तुमच्या मुलाचं पत्र आहे. नाही, मी उघडणार नाही.

मग ती थांबली. पुढचं पान तिनं मनातच वाचलं. त्याच्या पुढचंही.

"मोठ्यानं वाच," मथुरा म्हणाली.

"एक मिनिट."

"पट्ट्या?"

"एक मिनिट गं, आत्या. ॲनिमेत हा म्हातारा रडतो. जोरजोरात, पाठीमागे संगीत. इथं नुसता पाठमोरा आहे. आणि मग ही रिकामी चौकट आहे. बघ."

मथुरानं बघितलं. रिकामी म्हणजे खरंच रिकामी, चार रेघा आणि आत पांढरं. ह्या पानावर आकडा नव्हता. पहिल्या खेपेला ते छापायचं राहिलेलं पान समजून ती फेकणार होती. कागद वाया जाऊ नये म्हणून तेवढं ठेवून दिलं होतं.

[चौकट, शब्द नाहीत]

रविवार. दुकान अर्धं उघडं. मेजावर धुक्याचं जोडपान, पट्टीनं जोडलेलं, खळ ओली.

वाळायला वीस मिनिटं लागतात. मथुरा तेवढा वेळ त्याच्यासमोर उभी.

[चौकटीबाहेर]

त्या वीस मिनिटांत तिनं काय बघितलं ते सांगता येईल. होडीत पाच पोती होती, एकाचं तोंड सुटलेलं. मुलीच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. इंजिनाचा धूर धुक्यात मिसळत होता, पण चित्रकारानं धूर आडव्या रेघांनी आणि धुकं ठिपक्यांनी काढलं होतं, त्यामुळे कुठवर धूर आणि कुठून धुकं ते बोट ठेवून दाखवता येत होतं. आवाज नव्हता. तो तिनं घातला, मिरकरवाड्याचा. खळ वाळल्यावरही ती लगेच हलली नाही, आणि कामाच्या दिवसात हे तिच्या हातून पहिल्यांदाच घडलं.

[सोमवार, राजिवडा]

झाराच्या घरात चार मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि झाराची आई नसीमा स्प्रिंगच्या काट्याला एक बॅग अडकवून उचलायचा प्रयत्न करत होती.

"या मथुराताई! बसा. म्हणजे जागा दिसली तर बसा. तीस किलोच्या वर एक ग्रॅम नेता येत नाही, आणि ही पोरगी विटा भरल्यासारखी पुस्तकं भरतेय."

मथुरा बसली नाही. तिनं झाराला समोर बोलावलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पाठ कापली, पानं फिरवली, तीन पानं रद्दीत टाकली, ती परत काढून लावली. सानवीनं काही केलेलं नाही, फक्त पावसात ठेवली तेवढं तिचं.

नसीमाला हसू आवरेना. "आमच्या सासऱ्यांचं कुराण तुम्ही इतकं सुरेख बांधून दिलंत, उजवीकडून, आणि ह्यालाच कशा चुकलात?"

"अक्षरं बघून चुकले."

झारा हसली नाही. "विचारायचं ना एकदा. सानवीकडे माझा नंबर आहे."

"विचारायला हवं होतं," मथुरा म्हणाली. "मला विचारायची सवय नाही."

झारानं पुस्तक घेतलं, उजवीकडून उघडलं. बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही भोकं?"

"माझी. पहिल्या शिवणीची. ती जाणार नाहीत."

तिनं धुक्याचं पान काढलं. पुस्तक सपाट उघडलं, होडी अख्खी, मधोमध. झारा खाली वाकली.

"इथं दोर तुटलाय. डोलकाठीचा. हा इथं संपतो आणि इथं खाली सुरू होतो."

"तीन मिलिमीटर कापले गेले. ते परत आणता येत नाहीत."

नसीमानं काटा खाली ठेवला. सानवीनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले होते.

"मी वाचलं," सानवी म्हणाली. "तिन्ही भाग. शनिवार-रविवार."

"आता?"

"आता. तो म्हातारा पाठमोरा आहे ना, त्याच्यापुढची रिकामी चौकट... ॲनिमेवाल्यांनी ती टाकलीच नाही. तिथं रडणं भरलं."

झारानं मान वर केली. "चार महिने मी काय सांगत होते?"

"पण इंजिनाचा आवाज ॲनिमेतलाच भारी."

"गप ए. आवाज काय, आवाज मनात येतो."

"तुझ्या मनात येत असेल. माझ्या मनात शेजारच्यांचा मिक्सर येतो."

झाराला हसू फुटलं, तिनं ते दाबलं, आणि पुन्हा त्या दोराकडे बघितलं. राग गेला नव्हता. तो फक्त आता एका जागी, तीन मिलिमीटर रुंदीत, बसला होता.

"हे मी नेते," ती म्हणाली. मग बॅगेतल्या बाकीच्या आठ भागांकडे बघितलं. त्यांचाही डिंक सुटायला आला होता, दोन भागांचे कोपरे उघडले होते. नसीमानं संधी साधली.

"ती सुटी पानं विमानात उडवत न्यायची आहेत का? दे की ताईंकडे. अब्बा डिसेंबरात येणार आहेत, ते आणतील."

"आठही नाही देणार," झारा म्हणाली. तिनं चौथा भाग उचलला. "हा एक. बाकीचे मी इथं खालाकडे, मावशीकडे ठेवते. हा बरोबर झाला, मला फोटो आला, तर खाला पाचवा देईल. तो झाला की सहावा."

मथुरानं तिच्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षांत तिच्याशी कोणी असा ठराव केला नव्हता. वकिलांनीसुद्धा नाही.

"चालेल," ती म्हणाली. "कापायचं काहीच नाही?"

"काहीच नाही. आणि काही अडलं तर फोन. वाटलं, केलं असं नाही."

काम घेताना मथुरा गिऱ्हाइकासमोर पानं मोजते. तिथेच जमिनीवर, दोन बॅगांच्या मधे, ती मांडी घालून बसली आणि चौथा भाग उजवीकडून मोजायला लागली. सत्त्याण्णव पानं भरली. झारा तिच्यासमोर बसली, भाग आपल्याकडे ओढला आणि स्वतः पुन्हा मोजला. सत्त्याण्णवच भरली. मग तिनं तो पिशवीत घातला, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि मथुराच्या हातात दिला.